जुन्या बाजारातली वस्तू घरी आणल्यावर बिघडते ती कशी? या चुका टाळा

जुन्या बाजारात माणूस सावध असतो. भाव पाडतो, वस्तू उलटीपालटी करतो, दोन दुकानं हिंडतो. एकदा ती वस्तू घरी आली की मात्र सावधपणा संपतो आणि उत्साह सुरू होतो. घासा, रंगवा, भोक पाडा, वर काच टाका. संभाजीनगरच्या जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून आणा, लातूर-नांदेडच्या भंगाराच्या दुकानातून आणा किंवा गावाकडच्या उतरवलेल्या वाड्यातून उचला, नासाडी बहुतेक घरीच होते आणि तीही पहिल्या आठ दिवसांत. म्हणून बाजाराबद्दल थोडक्यात सांगतो आणि घराबद्दल सविस्तर.

बाजारात रिकाम्या हाताने जाऊ नका

खिशात एक लोहचुंबक आणि मोजपट्टी असू द्या. पितळेला किंवा तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर वर नुसता मुलामा आहे आणि आत लोखंड आहे. पितळी समई, कडी-कोयंडे, पलंगाचे गोळे यांत हा प्रकार फार चालतो. मोजपट्टी कशासाठी, तर घराचं दार साडेतीन फुटांचं आणि कपाट चार फुटांचं, हे टेम्पोतून उतरवताना कळू नये म्हणून.

भांडी घ्यायची असतील तर निघण्याआधी एखाद्या भांड्यांच्या दुकानात मोडीचा भाव विचारून घ्या. तांबं, पितळ आणि कासं यांचे भाव वेगळे असतात. जुना माल विकणारा हा भाव तोंडपाठ ठेवूनच बोलत असतो. हंडा, घंगाळ, परात यांसारख्या साध्या भांड्यांना मोडीपेक्षा थोडे जास्त द्यावेत. घडणावळ खरोखर वेगळी असेल, ठोक्याचं काम सुबक असेल, तर आणखी द्यावेत. ‘सौ साल पुराना है’ या वाक्याचे पैसे द्यायचे नसतात.

चकचकीत भोंग्याचे ग्रामोफोन, लंडनचं नाव आणि जुनं साल कोरलेल्या पितळी दुर्बिणी, होकायंत्रं हे सगळं बहुतेक नव्यानेच बनतं. पितळी दुर्बिणी-होकायंत्रांच्या नकला रुरकीकडे राजरोस तयार होतात. शोभेसाठी घ्या, हरकत नाही, पण शोभेच्याच भावात घ्या.

पितळ: जास्त घासलं की गेलं

सगळ्यात जास्त हाल पितळेचे होतात. काळं पडलेलं घंगाळ घरी आलं की चिंच-मीठ चोळून रात्रभर ठेवलं जातं. सकाळी धुतलं की पिवळ्या भांड्यावर गुलाबी-तांबूस डाग दिसतात. आंबटात पितळातलं जस्त निघून जातं आणि वर तांबं उरतं. हे डाग पुन्हा चिंच लावून जात नाहीत, उलट पसरतात. चिंच लावा, दोन-तीन मिनिटं चोळा, लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि फडक्याने कोरडं करा. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. भांडं आपोआप वाळू दिलं तर त्यावर पांढरे ओघळ उठतात आणि पॉलिश बिघडलं असं वाटून माणूस पुन्हा घासायला बसतो.

दुसरी चूक म्हणजे दुकानात देऊन बफ मारून घेणं. भांडं आरशासारखं होतं, पण त्यावरचं नाव जातं. जुन्या भांड्यांच्या काठाला किंवा बुडाशी टिंबाटिंबांनी नाव घातलेलं असतं. कोणी, कोणाच्या लग्नात, कधीकधी गाव आणि तिथीसुद्धा. त्या नावाने भांड्याची किंमत कमी होते असं दुकानदार सांगतो. माझ्या मते जुन्या हंड्यात तेवढीच गोष्ट खरी जुनी असते, बाकी पितळ तर कालही ओतता आलं असतं. कोणाच्या आजीचं नाव आपल्या घरात कशाला, असं काहींना वाटतं. वाटू द्या. घासून मात्र काढू नका.

स्वयंपाकाला वापरणार असाल तर कल्हईशिवाय वापरू नका. वरण, आमटी, ताक, चिंचेचा सार, आंबट काहीही बिनकल्हईच्या पितळेत ठेवलं की कळकतं. कल्हई म्हणजे कथलाचा थर. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवून विसरलात तर काही मिनिटांत थर गोळा होऊन बसतो. तारेची घासणी आणि स्टीलचं उलथणंही त्यात चालत नाही. कल्हईवाले आता दारावर क्वचित येतात. पण जुन्या भांडेबाजारात विचारलंत की कोणीतरी पत्ता सांगतं. बसून करून घ्या. नवसागराची पूड टाकल्यावर पांढरा धूर उठतो, तेव्हा मुलांना जरा लांब ठेवा.

तांब्याच्या जुन्या बंबाला जोड असतात आणि ते शिशाच्या डाखाचे, म्हणजे शिसं वितळवून सांधलेले, असू शकतात. त्यातलं पाणी अंघोळीला ठीक, पिण्याला नको. हंड्यात किंवा बंबात झाड लावायचं असेल तर बुडाला भोक पाडू नका. नर्सरीतली प्लॅस्टिकची कुंडी तशीच आत बसवा आणि तळाशी चार खडे टाका. उद्या विचार बदलला तर हंडा हंडाच राहतो. आणि लातूरकरांना हे सांगायला नकोच: 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात माळ्यावरचे सगळे हंडे पाणी भरायला खाली उतरले होते.

बिदरी मिळाली तर नियम एकदम उलटा. उदगीरपासून बीदर जवळ, त्यामुळे आपल्या बाजूला जुन्या घरांत बिदरीचे पानदान, गुलाबदाणी, हुक्क्याचे तळ सापडतात. ही जस्ताची, थोडं तांबं मिसळलेली वस्तू. तिचा काळा रंग हा मळ नसून मुद्दाम, बीदरच्या किल्ल्यातली माती वापरून आणलेला असतो. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर यांतलं काहीही लावलं की काळा रंग उतरतो आणि चांदीची वेलबुट्टी राखाडी पत्र्यावर हरवते. खोबरेल तेलाचं बोट आणि मऊ सुती फडकं, बस्स.

माळवदाचं लाकूड

मराठवाड्यात जुनं लाकूड येतं ते प्रामुख्याने माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेल्या, घरांतून. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगड-मातीच्या जड छपरांची लोकांना धास्ती बसली. पुढे स्लॅबची घरं आली आणि तुळया, खांब, चौकटी, दारं बाजारात उतरत राहिली. ते लाकूड अजूनही मिळतं आणि नव्या सागवानापेक्षा कितीतरी घट्ट असतं. सगळंच सागवान नसतं मात्र. बाभूळ असते, कडुलिंब असतो. न दिसणाऱ्या बाजूला चाकूने थोडं खरवडा. सागवान आतून सोनेरी-तपकिरी निघतं आणि त्याला तेलकट, चामड्यासारखा वास येतो. बाभूळ जास्त जड आणि लालसर लागते. बाभळीत वाईट काही नाही, बाकासाठी ती उत्तमच. पण सागवानाचा भाव देऊन ती घेऊ नये.

तुळईची भिंतीत गेलेली टोकं नीट पाहा. वाळवी आणि ओल तिथूनच शिरतात. मधला भाग खणखणीत वाजतो आणि टोक पोकळ. ते टोक कापून टाकायचं आहे हे धरूनच लांबी मोजा. करवतीवर नेण्याआधी सगळीकडून चुंबक फिरवा, कारण जुन्या लाकडात मोडलेले खिळे असतात. पातं तुटलं की सॉ मिलवाला पुन्हा दारात उभं करत नाही.

किडीचं असं आहे की वाळवीचे मातीचे ओघळ लगेच दिसतात, पण भुंगा लपतो. टाचणीएवढी भोकं असतील तर घाबरण्याआधी खाली काळा कागद पसरून लाकडावर हलके ठोके द्या आणि ते तसंच रात्रभर राहू द्या. सकाळी कागदावर पिठासारखी ताजी पूड पडलेली असेल तर कीड जिवंत आहे. नसेल तर भोकं जुनी आहेत. पाट, स्टूल, पेटीसारख्या लहान वस्तू मे महिन्यात काळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवल्या, तर आतली अळी तापून मरते. आपल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा. सरसाने जोडलेल्या किंवा वर लाकडाची पातळ पत्री (व्हीनियर) चिकटवलेल्या वस्तूंना हा उपाय करू नका, जोड उखडतात.

जुन्या दारांचा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासणं ही धोक्याची चूक आहे. घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे 2016 चा. त्याआधीच्या, विशेषतः तेलकट हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत शिसं असू शकतं आणि घासल्यावर त्याची धूळ घरभर बसते. पाणी मारून ओला पेपर वापरा, तोंडाला मास्क बांधा, काम अंगणात करा, लहान मुलं आणि गरोदर बाई आसपास नको. आणि रंग चांगला धरून बसलेला असेल, तर तो काढायचाच कशाला? निळ्या-हिरव्या जुन्या दाराचा रंग खरवडून पुन्हा ‘अँटिक’ पॉलिश मारणारे लोक मला कळत नाहीत.

तेल लावायचं तर जवसाचं. घरात आहे म्हणून शेंगदाण्याचं लावलं जातं, पण ते वाळत नाही. लाकूड चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसून काळा थर होतो. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं. त्याचा पातळ हात द्या, अर्ध्या तासाने जास्तीचं तेल पुसून काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. मात्र ते तेल पुसलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं स्वतःहून पेट घेऊ शकतं. फडकी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

बैलगाडीच्या चाकाचं टेबल

हा प्रकार सध्या ढाब्यांपासून बंगल्यांपर्यंत सगळीकडे दिसतो आणि बहुतेक ठिकाणी डुगडुगतो. कारण साधं आहे. चाकाचा मधला तुंबा दोन्ही बाजूंनी कडेच्या गोल पाट्यांच्या पातळीपेक्षा बाहेर आलेला असतो. वर काच ठेवली की ती तुंब्यावर टेकते आणि कडेला हवेत राहते. तुंबा करवतून सपाट करू नका. आरे त्यातच रोवलेले असतात, सगळं चाक सैल होतं. कडेला चार-सहा ठिकाणी तुंब्यापेक्षा थोडे उंच लाकडी ठोकळे बसवा, त्यांवर रबरी बूच लावा आणि मग काच टाका. खालच्या बाजूला तुंबा टेकू नये म्हणून पायांना तेवढी उंची ठेवा. काच टफन केलेलीच घ्या.

तुंब्यात वर्षानुवर्षांचं वंगण मुरलेलं असतं. उन्हाळ्यात ते पाझरतं आणि फरशीवर डाग पडतात. आधी ते खरवडून काढा, लाकडाचा भुसा चोळून शोषून घ्या, मगच पॉलिशचा विचार करा, नाहीतर वंगणावर पॉलिश धरत नाही. चाकाभोवतीची लोखंडी धाव उन्हाळ्यात सैल लागली तर लगेच वेल्डिंगवाल्याकडे पळू नका. लाकूड सुकून आक्रसलेलं असतं, पावसाळ्यात फुगलं की धाव पुन्हा बसते. वेल्डिंग केलंत तर धावेखालचं लाकूड जळतं. पावसाळ्यातही सैलच राहिली, तर गावाकडचा लोहार धाव तापवून चढवून देतो.

वेल्डिंगवरून आठवलं. शिवणयंत्राचा जुना स्टँड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. त्यावर साधी वेल्डिंग केली की जोडाशेजारी नवी चीर जाते. तुटला असेल तर मागून पट्टी लावून नटबोल्टने आवळा.

बरणी, रेडिओ आणि बाकीचं

चिनी मातीच्या बरणीवर बोटाने टिचकी मारा. आवाज घुमला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. तडा गेलेल्या बरणीत लोणचं घालू नका. मीठ चिरेतून झिरपतं आणि बाहेरच्या बाजूला पांढरं फुटून चकाकी सोलून काढतं. तिला चमचे-झारे ठेवायला वापरा. टवके गेलेल्या तामचिनीच्या (इनॅमलच्या) ताटांतही जेवण वाढू नये.

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा पितळी पात्यांचा पंखा आणल्या आणल्या प्लग लावून बघू नका. आतल्या वायरींचं आवरण कुजून चुरा झालेलं असतं, आणि काही जुन्या रेडिओंच्या सांगाड्यातच थेट करंट असतो. आधी कारागिराला उघडून दाखवा. जाळी नसलेला पंखा लहान मुलांच्या घरात बंदच शोभतो. 78 आरपीएमच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. त्या स्पिरिटने पुसल्या तर पृष्ठभागच विरघळतो.

काय घेऊच नये

देवळातली घंटा, देवाचे मुखवटे, मूर्ती, दीपमाळेचे दगड कोणी स्वस्तात देत असेल तर लांब राहा. चोरीचा माल घेणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो. त्यातही शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि कोरीव शिल्पं 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, पोथ्या-हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. तेर, पैठणच्या बाजूला शेतात सापडलेले मणी, नाणी म्हणून कोणी काही दाखवलं, तर ते विकत घेण्याची वस्तूच नाही. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि तो कायदा 1878 पासून आहे. असं काही पाहायचंच असेल तर तेरचं लामतुरे संग्रहालय आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचा, रामदरबार कोरलेला 1818 चा आणा हजारो रुपयांना विकायला येतो. कंपनीने असं नाणं पाडलेलंच नाही. तांदूळ ओढून घेणारं तांब्याचं भांडं घेऊन कोणी आला, तर ती सरळ फसवणूक आहे, त्याच्याशी भाव करत बसू नका, पोलिसांना कळवा.

शेवटी जातं आणि पाटा. काळ्या पाषाणाच्या या वस्तू भंगारात कवडीमोलाने मिळतात आणि लोक त्यांची बागेत पायरी करतात. विकत आणण्याआधी घरातल्या मोठ्या बाईला एकदा विचारा. लग्नाची हळद दळताना जातं पूजलं जातं, बाळाच्या पाचवीला पाटा-वरवंटा मांडला जातो. त्यावर पाय पडलेला सासूबाईंना खपणार नाही आणि मग ते जातं महिनाभरात परत जिन्याखाली जातं. पायरी करण्याऐवजी खुंटा बसवून, पाथरवटाकडून टाकी लावून, म्हणजे छिन्नीने दगड पुन्हा खरखरीत करून घ्या. टाकी लावल्यावर पहिल्यांदा दोन-चार मुठी जाडंभरडं धान्य दळून टाकून द्या, त्यात दगडाची कच असते. त्यानंतर मेतकूट, हरभऱ्याची डाळ, भाजणी काहीही दळता येतं.