एआर गेम पारखायचा तर आधी त्याच्याभोवती एक फेरी मारा
नवा ऑगमेंटेड रिॲलिटी (एआर) गेम, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या जागेवर आभासी वस्तू दाखवणारा गेम, घेतलात की लगेच गुण मिळवायच्या मागे लागू नका. आधी त्यातली एखादी वस्तू जमिनीवर ठेवा, तिच्याभोवती सावकाश फेरी मारा आणि मूळ जागी परत या. वस्तू फरशीच्या त्याच सांध्यावर दिसली, तर पाया पक्का. वीतभर सरकली किंवा हवेत तरंगू लागली, तर पुढे खेळताना वैताग येणार हे नक्की. मात्र ही चाचणी चांगल्या उजेडात आणि नक्षी असलेल्या जमिनीवर करा. कॅमेऱ्याला खुणा लागतात. कोऱ्या, गुळगुळीत फरशीवर चांगला गेमही गडबडतो आणि दोष उगाच त्याच्या माथी येतो.

मग कॅमेरा बंद करून खेळून बघा. २०१६ साली आलेल्या ‘पोकेमॉन गो’मध्ये ही सोय आहे. काहीच फरक जाणवला नाही, तर एआर नुसता मुलामा आहे. माझ्या मते खरी कसोटी हीच.

वीस मिनिटांत बॅटरी किती उतरली, फोन किती तापला तेही पाहा. आणि मुलांच्या हाती देण्याआधी स्वतः खेळा: नजर स्क्रीनवर खिळवून मागे सरकायला लावणारा गेम जिन्याजवळ किंवा रस्त्यावर धोक्याचाच.