तान्हा पोळा ते जानेवारी: खेड्यातून मॅरेथॉनची तयारी

तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांच्या लाकडी बैलांचा सण, झाला की दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करा. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे हाती १८ ते २१ आठवडे येतात. पण बूट घ्यायच्या आधी सोबत शोधा. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिवणकाम करते. भाचीला पोलीस भरतीसाठी ८०० मीटर पळायचं होतं, अंधारात एकटी जायला ती भ्यायची, म्हणून मी सोबत जायला लागले. आता आम्ही चौघं आहोत: ती, मी, किराणा दुकानवाले काका आणि वायरमनदादा. ४२.१९५ किलोमीटर मी पळू शकले ते या तिघांमुळे.

रस्ता निवडताना पावसाळाभर पांदण, म्हणजे शेतातली कच्ची वाट, सोडा. काळी माती बुटाला अशी चिकटते की दहा पावलांत पाय उचलत नाही. डांबरी सडक घ्या, उजव्या बाजूने म्हणजे गाडीच्या समोरून पळा. पहाटे रोही (नीलगाई) आडवे येतात, कापसाच्या गाड्या असतात. म्हणून प्रत्येकाकडे बॅटरी हवीच. मी सगळ्यांच्या शर्टाला पाठीवर चमकणारी पट्टी शिवून दिली आहे. अंतर मोटरसायकलच्या मीटरवर मोजा आणि पाच-पाच किलोमीटरवर ओळखीच्या शेतातल्या मोटारीच्या खोलीत आदल्या सांजेला पाण्याच्या बाटल्या ठेवा.

आठवड्यात तीन दिवस पाच ते आठ किलोमीटर, एक दिवस लांब. आमचा लांबचा दिवस बाजाराचा, कारण त्या दिवशी वेचणी नसते. दिवसभर वाकून कापूस वेचल्यावर कंबर आणि मांड्या आधीच थकलेल्या असतात, त्यावर लांब धावणं लादू नका. आठ किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला दीड-दोन किलोमीटर वाढवा, चौथ्या आठवड्यात कमी करा. शर्यतीच्या तीन आठवडे आधी एकदा ३० किलोमीटर झालं की पुरे. मग अंतर कमी करत न्या.

वेग किती? बोलता येईल इतका. काका पळता पळता उधारीचा हिशेब सांगतात. त्यांचं वाक्य मधेच तुटायला लागलं की आम्ही सगळे मंदावतो. किलोमीटरला सात मिनिटं धरली तर पूर्ण अंतर चार तास पंचावन्न मिनिटांत होतं, आणि आमच्यासारख्यांना ते छान आहे.

आता एक नियम, जो आम्ही चुकून शिकलो. पहिल्या वर्षी डिसेंबरात धुकं होतं. भाची आणि मी जोरात होतो, पुढे निघून गेलो. कालव्याच्या पुलावर थांबलो तर काका येईनात. परत फिरलो तेव्हा ते रस्त्याच्या कडेला बसले होते, घोटा मुरगळलेला, बॅटरी विझलेली, समोर दोन कुत्री. काका म्हणाले, "पोरींनो, आवाज दिला होता मी." ते वाक्य मला अजून झोंबते. तेव्हापासून जो पुढे जाईल त्याने दर किलोमीटरच्या दगडावरून मागे वळायचं, शेवटच्याला गाठायचं आणि सोबत पुढे यायचं. वेगवानाचं अंतर आपोआप वाढतं, मागे कोणी उरत नाही.

खाण्याचं थोडक्यात: आदल्या रात्री भाकर, पिठलं, भात, ठेचा नको. पळताना फल्ली (शेंगदाणे) जड जाते, गुळाचा खडा आणि केळं बरं. एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, सपाट भरून मोजा, अंदाजाने नाही. नुसतं पाणी ढोसत राहणंही घातक, रक्तातलं मीठ उतरतं. मुंबईत हे जास्त जपा. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत घाम लगेच वाळतो, तिथे दमट हवेत तो अंगावरच राहतो.

कपड्यांबद्दल शिवणारी म्हणून सांगते. वीस किलोमीटरनंतर जखम करते ती शिवण. काखेतली शिवण बोटाने चाचपून पाहा, दोरा टोचत असेल तर त्या जागी मऊ सुती पट्टी आतून लावा आणि वर व्हॅसलीन. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, पाय सुजतो. शर्यतीच्या दिवशी नवं काहीच घालू नका, मोजेही नाही.

शुक्रवारी विदर्भ एक्सप्रेसने वर्ध्याहून निघा, शनिवारी सकाळी सीएसएमटी. शनिवार बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेण्यात जातो, तो रविवारी मिळत नाही. मी पळाले तेव्हा पस्तीस किलोमीटरनंतर पेडर रोडचा चढ होता. त्यासाठी आम्ही रेल्वेच्या उड्डाणपुलावर लांब धावण्याच्या शेवटी चार फेऱ्या मारतो, पाय थकलेले असतानाच. चढावर पावलं लहान करा, चालावं लागलं तरी चाला.

पोहोचल्यावर लगेच बसू नका, दहा-पंधरा मिनिटं हळू चालत राहा. दुसऱ्या दिवशी वर्ध्याला उतरल्यावर पुलाचा जिना येतो आणि मांड्या अशा आखडलेल्या असतात की सरळ उतरवत नाही. कठडा धरून पाठमोरं उतरा. भाची दोन पायऱ्या खाली हात पुढे करून उभी राहते आणि "मावशी, अजून सात," असं मोजत असते.