छोटा शिग्रीवरचं हिम घरबसल्या कसं मोजायचं

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. चंद्रा नदीच्या काठाने ग्राम्फू ते बातल असा प्रवास केला आणि परत आल्यावर हिमाचल प्रदेशात लाहौलमधल्या छोटा शिग्री हिमनदीवरचं हिम दरवर्षी उपग्रहाच्या चित्रांवरून मोजू लागले. ही हिमनदी साधारण ९ किलोमीटर लांब आहे. तिच्यावर दगडमाती फार थोडी आहे आणि २००२ पासून शास्त्रज्ञ तिथे प्रत्यक्ष जाऊन मोजमाप करतात, त्यामुळे आपलं उत्तर ताडून बघता येतं. गंगोत्रीपासून मात्र सुरुवात करू नका. तिचा खालचा भाग दगडगोट्यांखाली आहे. उपग्रहाच्या चित्रात तो डोंगरासारखाच दिसतो.

आधी शब्दांचं बघू. आकाशातून पडतं तेही आपल्याकडे बर्फ आणि फ्रीजमध्ये गोठतो तोही बर्फच. इथे मी पडलेल्याला हिम म्हणते आणि वर्षानुवर्षं दबून घट्ट झालेल्याला बर्फ. हिमनदीवर उन्हाळाभर हिम वितळून खालचा बर्फ उघडा पडतो. शेवटी हिम जिथवर टिकतं, ती त्या वर्षाची हिमरेषा. आपल्याला हीच शोधायची आहे.

त्यामुळे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तारीख. मी पहिल्यांदा सप्टेंबर २०१७ चं चित्र सप्टेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यातल्या चित्राशी ताडलं आणि हिम वाढलं असं वर्गात सांगून मोकळी झाले. पण २२ ते २४ सप्टेंबर २०१८ ला लाहौलमध्ये अवकाळी हिमवर्षाव झाला होता. छोटा दरा, बातल भागात शेकडो माणसं अडकली होती. मी मोजलं ते नुकतंच पडलेलं नवं हिम. पुढच्या तासाला मुलांना ते दुरुस्त करून सांगितलं. तेव्हापासून ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतची सगळी निरभ्र चित्रं बघते आणि ज्यात हिम सर्वांत कमी, तेच त्या वर्षाचं धरते.

चित्रं फुकट मिळतात. कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या उपग्रह-चित्रांच्या संकेतस्थळावर खातं उघडून सेंटिनेल-२ ही उपग्रहांची जोडी निवडा. दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी हिमनदीवरून जातात, म्हणजे काही तरी चित्रं वापरण्याजोगी निघतात. उपग्रह प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे वेगळे टिपतो: बी३ हिरवा, बी८ जवळचा अवरक्त, बी११ लघुतरंग अवरक्त. आधी बी११, बी८, बी३ हे पट्टे लाल, हिरव्या, निळ्याच्या जागी लावा. हिम आणि बर्फ निळसर-हिरवे दिसतात, बहुतेक ढग पांढरट राहतात. हिमनदीवर ढग असेल तर ते चित्र सोडून द्या.

मग चित्र उतरवून क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये हिम-निर्देशांक काढा: बी३ वजा बी११, भागिले दोघांची बेरीज. हिम हिरवा प्रकाश भरपूर परतवतं आणि लघुतरंग अवरक्त जवळजवळ शोषून घेतं. समजा बी३ ०.८ (म्हणजे ८० टक्के प्रकाश परतला) आणि बी११ ०.१ आहे, तर उत्तर ०.७८. साधारणपणे ०.४ च्या वरचं ते हिम किंवा बर्फ. पाणीही या चाळणीतून निसटतं, म्हणून बी८ ०.११ पेक्षा जास्त हवा, ही अटही घाला.

हिम आणि बर्फ वेगळे करणं हा खरा कस. निर्देशांकाला तो फरक कळत नाही. त्यासाठी बी८ बघा: हिम उजळ, उघडा बर्फ मंद. हिमनदीच्या सीमेतल्या बी८ ची कोणती किंमत किती चौकोनांत येते याचा आलेख काढलात तर बहुधा दोन उंचवटे दिसतील. त्यांच्या मधल्या खोलगटात रेघ ओढा. दरवर्षी एकच ठरीव आकडा लावू नका. कड्यांच्या सावल्याही मंद दिसतात, त्या हाताने वगळा.

हिमनदीची सीमा रॅन्डॉल्फ ग्लेशियर इन्व्हेंटरी या जगभरातल्या हिमनद्यांच्या सीमांच्या यादीतून घ्या आणि सगळ्या वर्षांना तीच वापरा. क्षेत्रफळ काढण्याआधी चित्र यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणात आणा. बी११ चा एक चौकोन २० मीटरचा, म्हणजे २५०० चौकोनांचा एक चौरस किलोमीटर.

शेवटी कोपर्निकसचं ३० मीटरच्या चौकोनांचं उंचीचं प्रारूप (प्रत्येक चौकोनाची उंची सांगणारा नकाशा) वर ठेवून उंचीचे ५०-५० मीटरचे टप्पे पाडा. ज्या सर्वांत खालच्या टप्प्यात निम्म्याहून जास्त भाग हिमाचा, तिथे त्या वर्षाची हिमरेषा. छोटा शिग्रीवर भर आणि झीज सारखी असलेल्या वर्षी ती ४९०० ते ५००० मीटरच्या दरम्यान असते. तुमचा आकडा त्याच्या वर गेला, तर त्या वर्षी हिमनदीने साठवलं कमी आणि गमावलं जास्त. वहीत आकड्याशेजारी चित्राची तारीख लिहाच.