इंग्रजी बोलताना खेळातले वाक्प्रचार कसे वापरावेत

निवडणुकीत कोणी कोणाला चीतपट करतो, कोणी धोबीपछाड देतो, सरकारी कचेरीत एक टेबल दुसऱ्या टेबलाला खो देतं. ही भाषा आखाड्यातून आणि मैदानातून आली आणि ती बोलायला आपल्याला कोणी शिकवलं नाही. इंग्रजीतही असंच आहे, फक्त मैदानं वेगळी: क्रिकेट, बॉक्सिंग, घोड्यांच्या शर्यती, गोल्फ, अमेरिकेत बेसबॉल. आपली गाडी अडते ती एका ठिकाणी. आपण अर्थ पाठ करतो आणि खेळाकडे बघतच नाही. मग शब्द बरोबर असूनही जागा चुकते. ती जागा कशी ओळखायची, हे क्रमाने पाहू.

पहिली पायरी: आधी खेळ बघा

'स्टिकी विकेट' घ्या. पूर्वी सामना सुरू असताना खेळपट्टी झाकत नसत. रात्री पाऊस पडून सकाळी ऊन आलं की ओली खेळपट्टी वाळू लागायची, आणि त्या मधल्या वेळात तिचा काही भरवसा नसायचा. एक चेंडू अंगावर उसळायचा, पुढचा थांबून यायचा, तिसरा हातभर वळायचा. यात फलंदाजाची काहीच चूक नसायची, पण खेळावं त्यालाच लागायचं.

हे डोळ्यांसमोर आलं की वापर आपोआप कळतो. गणिताचा अवघड पेपर म्हणजे स्टिकी विकेट नव्हे. भागीदाराने गिऱ्हाइकाला परस्पर शब्द दिला आणि आता गिऱ्हाईक तुम्हाला जाब विचारतंय, अशा वेळी "वी आर ऑन अ स्टिकी विकेट" अगदी चपखल बसतं.

'थ्रो इन द टॉवेल' म्हणजे हार मानणं, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण बॉक्सिंगमध्ये टॉवेल सहसा खेळाडू टाकत नाही. त्याच्या कोपऱ्यात उभा असलेला त्याचा माणूस टाकतो, पोराला आणखी मार बसू नये म्हणून. म्हणजे त्याआधी बराच मार खाऊन झालेला असतो. दोन दिवसांत जिम सोडणाऱ्याला हा वाक्प्रचार शोभत नाही. पाच वर्षं तोट्यात दुकान रेटून शेवटी शटर ओढणाऱ्याला शोभतो.

दुसरी पायरी: सूर ओळखा

माझ्या मते सगळ्यात जपून टाकायचं पाऊल हेच. आपल्याकडे 'सिक्सर मारला' म्हणजे आनंदीआनंद. ब्रिटिश माणूस मात्र "द न्यूज नॉक्ड मी फॉर सिक्स" म्हणतो तेव्हा तो फलंदाज नसतो, तो चेंडू असतो! त्या बातमीने तो पार कोलमडलेला असतो. वडिलांच्या आजारपणाबद्दल कोणी असं सांगत असताना तुम्ही हसून अभिनंदन केलंत, तर ते सावरायला फार जड जाईल.

'ही हॅड अ गुड इनिंग्ज' हेही तसंच नाजूक. पूर्ण वयात, समाधानाने गेलेल्या माणसाबद्दल हे म्हणतात. आपल्याकडे "पिकलं पान होतं" हे घरच्यांनी म्हणायचं असतं, भेटायला आलेल्याने नव्हे. इथेही तोच रिवाज पाळा. समोरच्याने स्वतः म्हटलं तर मान हलवा, आपण होऊन बोलू नका. निवृत्तीच्या निरोपाला मात्र बिनदिक्कत चालतं.

गोल्फमधून आलेला 'पार फॉर द कोर्स' ऐकायला साधा, पण बहुधा कुरकुरीच्या सुरात येतो. ट्रेन पुन्हा उशिरा आली, "दॅट्स पार फॉर द कोर्स", म्हणजे हे नेहमीचंच. कोणाच्या चांगल्या कामाचं कौतुक करताना तो वापरू नये.

तिसरी पायरी: ऐकणारा कुठला आहे?

पुण्यात किंवा ठाण्यात बसून परदेशी क्लायंटशी बोलणाऱ्यांना हे रोज लागतं. लंडनचा माणूस "बाय क्लोज ऑफ प्ले" म्हणाला तर त्याला काम आज संध्याकाळपर्यंत हवंय. तेच शब्द शिकागोच्या माणसाला तितके ओळखीचे नसतील, कारण तो बेसबॉल पाहत वाढलेला. 'गुगली'चंही तसंच. हा चेंडू इंग्लंडच्या बर्नार्ड बोझनकेट याने १९०० च्या सुमारास पुढे आणला: हात लेगब्रेकचा, वळण उलटं. आपण अवघड प्रश्नालाही गुगली म्हणतो, पण अमेरिकनाशी बोलताना त्याऐवजी 'कर्व्हबॉल' म्हणा. "द क्लायंट थ्रू अस अ कर्व्हबॉल" म्हटलं की अनपेक्षित काहीतरी अंगावर आलं, हे त्याला लगेच कळतं.

अमेरिकनांचा लाडका शब्द 'बॉलपार्क फिगर', म्हणजे ढोबळ अंदाज. त्याने "जस्ट अ बॉलपार्क" म्हटल्यावर "थर्टी-सेव्हन डेज" असं नेमकं उत्तर देऊ नये, नंतर तोच आकडा गळ्यात पडतो. "समव्हेअर बिटवीन फोर अँड सिक्स वीक्स, आय विल कन्फर्म बाय थर्सडे" हे बरं. त्याचं समाधान होतं आणि तुम्हीही अडकत नाही.

दोन्हीकडे चालणारेही पुष्कळ आहेत: 'द बॉल इज इन युवर कोर्ट' (आता निर्णय तुमचा), 'नेक अँड नेक' (अटीतटीची बरोबरी), 'जम्प द गन' (घाई करून आधीच सुरुवात करणं). नवशिक्याने यांच्यापासूनच सुरुवात करावी.

चौथी पायरी: शब्द हलवू नका, कर्ता हवा तर हलवा

वाक्प्रचार जसा आहे तसाच बोलायचा. 'कोर्ट'च्या जागी 'ग्राउंड' घातलं की सगळी मजा जाते. कर्ता मात्र विचार करून निवडा. 'मूव्हिंग द गोलपोस्ट्स' म्हणजे काम अर्ध्यावर आलं असताना अटी बदलणं. "यू आर मूव्हिंग द गोलपोस्ट्स" हा तोंडावर केलेला आरोप आहे. "द गोलपोस्ट्स हॅव मूव्ह्ड" म्हटलं की तक्रार तीच राहते, पण कोणाकडे बोट जात नाही. क्लायंटशी, साहेबांशी, सासरच्या मंडळींशी दुसरं वाक्य बरं.

पाचवी पायरी: वही ठेवा, बेतानं वापरा

कॉलवर, मुलाखतीत, बातम्यांत नवा वाक्प्रचार कानावर पडला की तो एकटा टिपू नका. अख्खं वाक्य लिहा, आणि शेजारी कोण कोणाला कुठल्या रागालोभात म्हणालं तेही लिहा. तोच वाक्प्रचार आणखी दोन-तीन वेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकल्यावर मग स्वतः वापरा. आधी बोलण्यात, मेलमध्ये नंतर, कारण बोलताना समोरच्याचा चेहरा दिसतो, निदान आवाज तरी कळतो.

एका संभाषणात एक पुरे. बॉक्सिंग, गोल्फ आणि घोडे एकाच वाक्यात आले तर ऐकणारा मुद्दा विसरून शब्दच मोजत बसतो. आणि तुम्ही बोलल्यावर पलीकडे क्षणभर शांतता पसरली, तर वाक्प्रचार समजावून सांगत बसू नका. "आय मीन" म्हणून तेच साध्या शब्दांत सांगा आणि पुढच्या मुद्द्यावर जा.