शेडमधली वेगळी डीबी: न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना भेटू देऊ नका

कडबा कुट्टी, ग्राइंडर, वेल्डिंग आणि पाण्याची मोटर हे सगळं घरातल्या एका बोर्डावरून एक्स्टेंशन ओढून चालवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. शेडमध्ये स्वतंत्र डीबी, म्हणजे वीज वाटून देणारा स्विचांचा डबा, बसवा. मेन बंद ठेवून काम करायचं हे धरून चालतो. जोडणी आणि टेस्ट रिपोर्ट परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मंजूर भार कमी पडत असेल तर तो आधी वाढवून घ्या. शेतीपंपाच्या लाइनवर शेड चालवायचा विचार मात्र डोक्यातून काढा.

केबल ६ चौरस मिमीची, तांब्याची, तीन कोअरची आर्मर्ड घ्या. घरापासून शेड ३० मीटरवर असेल आणि २५ अँपिअरचा भार असेल, तर या केबलमध्ये साधारण ५ व्होल्ट पडतात. अडीच चौरस मिमीच्या वायरमध्ये १२. संध्याकाळी आधीच व्होल्टेज पडलेल्या गावात हे १२ व्होल्ट मोटर तापवतात. केबल अडीच फूट खोल पुरा, वर रेती आणि विटा टाका, नाहीतर नांगराचा फाळ एक दिवस ती शोधून काढतोच. घराच्या बाजूला ३२ अँपिअरची डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी) एमसीबी, म्हणजे जास्त भार किंवा शॉर्ट झाला की आपोआप पडणारा स्विच, लावा. डीबी पश्चिमेच्या टिनावर नको. एमसीबीचं रेटिंग ३० अंशांना धरलेलं असतं आणि आपल्या मे महिन्यात टिनाच्या आत किती होतं ते तुम्हीच जाणता.

आता खरी डोकेदुखी. सुरुवातीला माझंही डोकं इथेच फिरायचं.

गावात सर्रास मिळणारा सल्ला असा: "अर्थिंगची वायर न्यूट्रलच्या पट्टीलाच मारा, एकच आहे ना दोन्ही." नाही, एकच नाही. न्यूट्रल रोजचा प्रवाह परत नेते, अर्थ फक्त गळती जमिनीत नेण्यासाठी असते. डीपीपासून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) तुमच्या घरापर्यंतची न्यूट्रल वादळात तुटली किंवा जोडावर सैल झाली, की अशा शेडमध्ये कुट्टीच्या लोखंडी बॉडीवर थेट लाइन येते. आणि साधा टेस्टर प्लगच्या दोन्ही भोकांत पेटलेला दिसतो, म्हणून माणूस आणखीच गोंधळतो. न्यूट्रल गेली म्हणून अर्थिंगवर काम भागवणारे तर त्याहून वाईट. शेजाऱ्याच्या ओल्या अंगणात त्याची म्हैस मरते आणि कारण कोणालाच कळत नाही.

डीबीत अर्थची पट्टी वेगळी, थेट बॉडीला कसलेली हवी. न्यूट्रलची पट्टी बॉडीपासून प्लास्टिकवर अलग हवी. घरून आलेली हिरवी वायर आणि शेडजवळच्या अर्थिंगच्या खड्ड्याची वायर, दोन्ही अर्थ पट्टीवर.

खड्ड्याबद्दल. काळी माती पावसाळ्यात उत्तम अर्थ देते, पण उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पाइपापासून सुटते. समजा अर्थचा रोध २० ओहम झाला. बॉडीला फेज लागली तर प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. यंत्राची १६ अँपिअरची एमसीबी पडणारच नाही, बॉडी लाइव्ह राहील. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच, हवीच. तिला एवढी गळती पुरेशी असते. पाइप अडीच मीटरचा, कोळसा-मीठ भरून, वर पाणी घालायला नरसाळं. उन्हाळ्यात पाणी घालत राहा. अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या आत आणायचा प्रयत्न करा. मुरमात एक पाइप पुरत नसेल तर पाइपाच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर दुसरा.

आरसीसीबी दोन लावा: एक यंत्रांना, एक दिव्यांना. नाहीतर ग्राइंडर ट्रिप झाला की फिरत्या पात्यासमोर अंधारात उभे राहाल. पण मग न्यूट्रल पट्ट्याही दोन लागतात, आणि डब्यात बहुधा एकच येते. दुसरी विकत घ्या. एका आरसीसीबीची फेज आणि दुसरीची न्यूट्रल घेतलीत, की बल्ब लावताच ट्रिप. मग लोक म्हणतात आरसीसीबी खराब, आणि ती काढून थेट जोडतात. खराब नसते हो, ती तुमची चूक दाखवत असते.

पुढे कुठे न्यूट्रल आणि अर्थ टेकले असले तरीही ती ट्रिप होते. ते शोधायची पद्धत: मेन बंद, आरसीसीबी खाली, सगळी यंत्रं सॉकेटातून काढलेली. मग मल्टिमीटर बीप वाजणाऱ्या (कंटिन्युइटी) खुणेवर ठेवून न्यूट्रल पट्टी आणि अर्थ पट्टीवर धरा. आवाज आला तर पुढे कुठेतरी दोन्ही टेकले आहेत. एकेक न्यूट्रल सोडत जा, आवाज थांबला की ती लाइन सापडली. आवाज आला नाही तरी मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन वायरचं इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासून घ्या, कारण ओल लागलेली गळती मल्टिमीटरला दिसत नाही.

बाकी सोपं. मोटरला सी कर्व्हची एमसीबी, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वेल्डिंगला डी कर्व्ह, म्हणजे सुरू होतानाचा मोठा झटका सोसणारी. वायरच्या टोकाला लग (धातूची टोपी) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवूनच, स्क्रू कसा. प्रत्येक एमसीबीखाली नाव लिहा. आरसीसीबीचं टी (टेस्ट) बटण दर महिन्याला दाबा, पण ते दाबल्यावर ती पडली म्हणजे अर्थिंग ठीक आहे असं समजू नका. ते बटण अर्थची परीक्षा घेतच नाही. अर्थचा रोध एप्रिल-मे मध्ये, जमीन कोरडी असतानाच मोजून घ्या.