टाइप २ मधुमेह टाळण्यासाठी सुरुवात पोटाच्या घेरापासून करावी

सडपातळ माणसाला मधुमेह होत नाही, हा समज आधी सोडून द्यावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३ होता, तरीही याज्ञिकांच्या शरीरात चरबी सुमारे २१ टक्के आणि युडकिन यांच्या शरीरात सुमारे ९ टक्केच असल्याचे त्यांनी २००४ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडे चरबी पोटाच्या आत साठते, आणि तीच शरीराला इन्सुलिनला, म्हणजे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, दाद देईनाशी करते.

म्हणून वजनकाट्याच्या आधी शिवणकामाची टेप हाती घ्यावी. सरळ उभे राहून, श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध घेर मोजावा. पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर ही मर्यादा समजावी.

घेर जास्त असेल, आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल किंवा गरोदरपणात साखर वाढली असेल, तर त्रासाची वाट न पाहता रक्त तपासून घ्यावे. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, किंवा एचबीए१सी (सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ५.७ ते ६.४ टक्के आल्यास ती मधुमेहापूर्वीची अवस्था असते. त्याहून जास्त आल्यास डॉक्टरांकडे जावे.

खरा बदल ताटात करायचा आहे. आपले ताट भात-पोळीने भरते आणि भाजी तोंडी लावण्यापुरती उरते. हे प्रमाण उलटे करावे. अर्धे ताट भाजी व कोशिंबिरीचे, पाव भाग उसळ, घट्ट वरण, अंडे किंवा मासळीचा आणि उरलेल्या पाव भागात पोळी, भाकरी किंवा भात असावा. जेवताना कोशिंबीर व उसळ आधी खाऊन भात शेवटी घेतल्यास साखर एकदम चढत नाही. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तीही पिष्टमयच असल्याने मोजूनच खावी. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याऐवजी राजगिरा, दही आणि फळ घ्यावे. दिवसातून चार वेळा गोड चहा घेणाऱ्याने साखर दर आठवड्याला थोडी कमी करत न्यावी, म्हणजे जिभेला जड जात नाही.

आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली चुकवू नये. आठवड्यातून दोनदा बैठका किंवा वजने उचलण्याचा व्यायामही हवा, कारण रक्तातील साखर सर्वाधिक वापरतात ते स्नायूच. अमेरिकेतील २००२ सालच्या मोठ्या अभ्यासात सुमारे ७ टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते. तंबाखू सोडणे आणि सात तास झोप घेणे हेही यातच आले.

एचबीए१सी साधारण मागच्या तीन महिन्यांचे चित्र दाखवते. त्यामुळे आधी आकडा वाढलेला असल्यास तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी, आणि त्याच दिवशी घेरही त्याच टेपने मोजावा.