बीबीपी संक्रमण संगणकावर कसं पाहावं

रँडम मॅट्रिक्समध्ये एक ठळक दिशा मिसळली, तरी सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स एखाद्या दिशेला किती पट ताणते ती संख्या) लगेच बाकीच्यांच्या गर्दीबाहेर पडत नाही. मिसळीच्या ताकदीला एक उंबरठा ओलांडावा लागतो. बैक, बेन अरूस आणि पेशे यांनी २००५ मध्ये कोव्हेरिअन्स मॅट्रिक्ससाठी (चलांचा एकमेकांशी संबंध मोजणारी मॅट्रिक्स) हे सिद्ध केलं, म्हणून नाव बीबीपी. प्रयोगाला मात्र सममित मॅट्रिक्स सोपी पडते.

नमपायमध्ये (पायथनची गणिती लायब्ररी) सरासरी ०, विचरण १ अशा गॉशियन संख्यांची १००० × १००० मॅट्रिक्स घ्या. तिच्यात तिचीच ट्रान्सपोज मिळवून २०००च्या वर्गमुळाने, म्हणजे ४४.७२ने भागा. आयगेनव्हॅल्यूंचा हिस्टोग्राम −२ ते २ मध्ये विग्नरचं अर्धवर्तुळ दाखवेल. ते दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. बहुतेकदा भागाकारच चुकलेला असतो.

आता एकक लांबीचा व्हेक्टर बनवा: प्रत्येक घटक ०.०३१६, चिन्ह रँडम. त्याचा स्वतःशी बाह्य गुणाकार करा, थीटाने (हीच मिसळीची ताकद) गुणा आणि मॅट्रिक्समध्ये मिळवा. थीटा ०.५ पासून २ पर्यंत वाढवा. गोंगाटाची (मूळ रँडम) मॅट्रिक्स सगळीकडे तीच ठेवलीत तर आलेख कुठेही खाली येत नाही, वळण स्वच्छ दिसतं.

थीटा १ पर्यंत सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू २ जवळच अडकते. पुढे ती थीटा + १/थीटा होते: १.५ला २.१६७, २ला २.५. तिच्या आयगेनव्हेक्टरचा आपल्या व्हेक्टरशी अंतर्गुणाकार घेऊन वर्ग करा (चिन्ह उलटं येऊ शकतं). तो १ − १/थीटा² जवळ, म्हणजे अनुक्रमे ०.५६ आणि ०.७५ यायला हवा.

खरी गोम थीटा १.१ला आहे. सूत्राप्रमाणे व्हॅल्यू २.००९, पण काठावरची ट्रेसी-विडम हालचालच (सर्वांत मोठ्या व्हॅल्यूची नमुन्यागणिक होणारी चढउतार) एन^(−२/३), म्हणजे ०.०१च्या घरातली; एन म्हणजे मॅट्रिक्सचा आकार, इथे १०००. काठापासूनचं अंतर साधारण (थीटा − १)² असल्याने संक्रमणाची खिडकी एन^(−१/३) रुंद असते, इथे ०.१. या पट्ट्यात एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नका. दर थीटाला निदान २०० नव्या मॅट्रिक्स घेऊन वितरण पाहा. नुसता एन वाढवून फार साधत नाही: खिडकी निम्मी करायला एन आठपट लागतो.

० ते १ मधल्या रँडम संख्या वापरल्यात तर थीटा शून्य असतानाही २२च्या आसपास एक व्हॅल्यू उडालेली दिसेल. ती सरासरीची करामत, आधी ०.५ वजा करा, मग १२च्या वर्गमुळाने गुणा. कॉशीसारखं जड शेपटीचं वितरण इथे चालतच नाही. सममित मॅट्रिक्ससाठीचं 'आयगएच' (eigh) फंक्शनच वापरा. पुनरावृत्तीवर चालणारे सॉल्व्हर उंबरठ्याजवळ रेंगाळतात, कारण वरच्या दोन व्हॅल्यूंमधलं अंतर तिथे फारच कमी असतं.